भिंगरीच्या ताब्यातल्या कुंड्या

ऊन कठड्यावर चढलं की भिंगरी कुंड्या हलवायला घ्यायचा. सकाळची रांग पूर्वेच्या कठड्याशी, दुपारची जिन्याच्या खोलीच्या सावलीत, संध्याकाळची पश्चिमेला. गच्चीवर त्याने खडूने रेघा मारून चौकोन आखले होते, आणि एखादी कुंडी चौकोनात तिरकी बसली तर तो पुन्हा वाकून ती सरळ करायचा. साठी उलटलेला माणूस. कमरेत उसण भरायची, तळहाताला कड रुतायची, पण शेवटची कुंडी जागेवर लागेपर्यंत त्याला घास गोड लागत नसे.

कुंड्या त्याच्या नव्हत्या, बायकोच्या होत्या. बायको मुलीकडे गेली होती, आणि ती परत येणार की नाही हे त्याला कळत नव्हतं. विचारायची छाती होत नव्हती. तेवढं विचारणं सोडून बाकी सगळं तो दिवसभर करत होता.

भिंगरी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. पायाला भिंगरी लावलेला माणूस म्हणून बसडेपोत त्याला हे चिकटलं. निवृत्त होताना गणवेश परत करता येतो, बिल्ला परत करता येतो. नाव परत घ्यायला कुणी तयार नसतं, ते गुपचूप मागोमाग घरी येतं. आता खालच्या मजल्यावरची शिवणवालीसुद्धा त्याला भिंगरीकाका म्हणायची.

डेपोत त्याचं काम मोठं विचित्र होतं. सगळ्या बस संध्याकाळनंतर जशा येतील तशा आत यायच्या, आणि सकाळी त्या वेळेच्या क्रमाने बाहेर पडायला हव्यात. म्हणजे जी उशिरा येणार तीच कधी कधी सगळ्यांत आधी निघणार. तर आलेल्या गाड्या मागेपुढे करून, पहिली निघणारी पुढे, तिच्यामागे दुसरी, अशा रांगा लावायच्या, हे भिंगरीचं काम. आयुष्यभर त्याने बस चालवली, पण फाटकाबाहेर एकदाही नेली नाही. त्या आवारात मात्र त्याच्यासारखा माणूस झाला नाही. बोटभर अंतर ठेवून गाडीशेजारी गाडी लावायचा. त्याच्या नोकरीत एकही गाडी मधे अडकली म्हणून सकाळी उशिरा सुटली नाही, आणि हे तो कुणालाही, न विचारता, सांगायचा.

निवृत्त झाल्यावर माणसं वर्तमानपत्र वाचतात, फिरायला जातात, नातेवाइकांच्या तब्येतीची चौकशी करतात. भिंगरीने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघर लावायला घेतलं. सकाळी लागणारे डबे पुढे, दुपारचे मधे, क्वचित लागणारे मागे. बायको हातात चमचा घेऊन मीठ शोधत उभी राहायची आणि हा मागून सांगायचा, दुसऱ्या रांगेत डावीकडून बघ. तिने बघेपर्यंत त्याला अजून चांगला क्रम सुचलेला असायचा. मग कपाट झालं. मग पलंग या भिंतीचा त्या भिंतीला गेला. शेवटी खिडकीतली तिची खुर्ची त्याने बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली, कारण खिडकीपाशी ती येण्याजाण्याच्या वाटेत येत होती. आता त्या वाटेने येणार कोण आणि जाणार कोण, घरात माणसं दोन. पण वाट मोकळी पाहिजे म्हणजे पाहिजे.

दुपारची कामं उरकली की त्या खुर्चीत ती पाय वर घेऊन बसायची. खुर्ची गेलेली बघून ती भांडली नाही. भांडली असती तर भिंगरीला बरं वाटलं असतं, भांडणात त्याला बोलायला सुचायचं. ती नुसती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "या घरात तुम्ही मला बसायला जागा ठेवली नाहीत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीचा फोन आला. तिची बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती, बाळाला बघायला कुणीतरी हवं होतं. बायकोने विचार करायला एक चहासुद्धा घेतला नाही. बॅग भरली. निघण्याआधीचे दोन दिवस मात्र ती गच्चीवरच होती. उन्हाळ्याच्या कुंड्या नव्याने भरत होती, आणि जाताना जिन्यातून वळून तिने सांगितलं, "झाडांना पाणी घाला. बाकी काही करू नका." मग दोन पायऱ्या उतरून म्हणाली, "बाळाने मान धरली की येते."

बाकी काही करू नका, हे वाक्य भिंगरीच्या कानावर आयुष्यात इतक्यांदा पडलं होतं की ते त्याला ऐकूच यायचं नाही.

कुंड्या म्हणायच्या एवढंच. गळकं पिंप, तुटक्या कडीची बादली, मुलीला लहानपणी अंघोळ घालायचा टब, रंगाचे रिकामे डबे, जे घरातून बाद झालं ते तिने गच्चीवर चढवलं होतं. भिंगरीने डेपोतून कधीकाळी आणलेला बसचा उरलासुरला रंग तिने सगळ्यांना लावला होता, लाल आणि पिवळा. एका भांड्यात एकच झाड तिला चालत नसे. मधे एक उभं, भोवती एक भरगच्च, आणि काठावरून खाली सांडणारं एक. लाल डब्यात पिवळी कर्दळ, तिच्याभोवती जांभळट पानांचा कोलियस, काठावरून चिनीगुलाब. पिंपात झिनियाची गर्दी आणि खाली पोपटी पानांचा रताळ्याचा वेल. रंगाला रंग भिडवायची तिला भीती वाटत नसे. घरातही असंच लागतं, असं ती भिंगरीकडे न बघता म्हणायची. सगळेच उभे राहिले तर बसायचं कुणी?

ती गेल्यावर भिंगरी गच्चीवर आला आणि त्याने पाहिलं, कुंड्या कशाही ठेवलेल्या. काही उन्हात, काही अर्धवट सावलीत, काही एकमेकींत घुसलेल्या. त्याच्या डोळ्यांना हे बघवेना. त्याने दिवसभर ऊन कुठून कुठे जातं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी खडू घेऊन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांना सारखं ऊन, सगळ्यांना सारखी सावली, कुणावर अन्याय नाही. फक्त पाण्याच्या टाकीमागे कपडे धुवायचा एक जुना सिमेंटचा हौद होता, तोही तिने माती घालून भरला होता. तो जमिनीत पक्का बांधलेला. भिंगरीने दोनदा त्याला खांदा लावून पाहिला आणि नाद सोडला. जी हलत नाही ती गाडी त्याच्या हिशेबात भंगारात जायची. हौदासाठी त्याने चौकोन आखला नाही, आणि पुढे तो त्याच्या लक्षातही राहिला नाही.

आणि डेपोतली दुसरी सवय. गाडी हलवण्याआधी इंजिनातलं पाणी बघायचं. तेव्हा प्रत्येक कुंडीला, जागा बदलायच्या आधी, एक तांब्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. उन्हाळाच होता, पाणी काय कमी पडू द्यायचं?

पहिली तक्रार खालून आली. गच्चीचं पाणी पन्हळीतून शिवणवालीच्या बाल्कनीत पडायचं, आणि तिथे दोरीवर गिऱ्हाइकांचे शिवून तयार झालेले कपडे असायचे. ती वर आली, ओला झालेला एक सदरा हातात घेऊन. रागावलेली होती, पण गच्चीवरच्या खडूच्या रेघा बघून राग विसरली. बराच वेळ बघत राहिली.

"काका, झाडं पाळलीत का म्हशी?" तिने विचारलं.

दिवसभर वरून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज येतो, रोज घर बदलतंय असं वाटतं, हेही तिने सांगितलं. भिंगरीने तिला तीन रांगांची योजना समजावून दिली. तिने मान डोलावली, कपडे आतल्या खोलीत वाळत घातले, आणि पुढे तो विषय काढला नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. आधी झाडं कशी आहेत, मग तुम्ही कसे आहात. हा क्रम भिंगरीला झोंबायचा. क्रमातलं त्याला कळत होतं. झाडं मस्त आहेत, असं तो सांगायचा, आणि पहिले काही दिवस ती खरोखरच होती. मग एक दिवस ती म्हणाली, बाळाने मान धरली. भिंगरी फोन कानाला लावून उठून उभा राहिला. त्याने वाट पाहिली. ती पुढे म्हणाली, आता पालथं पडायला लागलं की बघू.

त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. म्हणजे आधी बसवत होतं असं नाही, पण आता उभंही राहवेना. तो बाजारात जायचा आणि काय आणायला आलो ते विसरून परत यायचा. नळ बंद आहे का बघायला रात्री उठायचा. फोन चार्जिंगला लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. मुलीने बाळाचे व्हिडिओ पाठवले तर आजोबाच्या मायेने बघायचं सोडून, पोर पालथं पडतंय का तेवढंच बघायचा. ते बिचारं एका कुशीवर यायचं, पाय झाडायचं आणि पुन्हा उताणं. भिंगरी इकडे फोनकडे बघत खांदा वळवायचा, जणू त्याने जोर लावला तर तिकडे ते वळणार होतं.

इकडे कुंड्यांचं तंत्र बिघडत होतं. दुपारी पानं माना टाकायची. भिंगरीला वाटायचं तहान लागली, तो आणखी पाणी घालायचा. खालची पानं पिवळी पडली, त्याने सावलीची वेळ वाढवली. कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या, त्याने उन्हाची वेळ वाढवली. कर्दळीच्या कडा तांबूस झाल्या. चिनीगुलाब, जो म्हणे दगडावर टाकला तरी जगतो, तो बुडख्याशी चिकट झाला आणि एका सकाळी भिंगरीने कुंडी उचलली तेव्हा त्याच्या हातातच आला. प्रत्येक झाड जरा कुठे उन्हाकडे तोंड करून बसलं की हा माणूस त्याला उचलून दुसरीकडे तोंड करून ठेवत होता. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. गाडीला तोंड कुठे आहे याने काही फरक पडत नाही.

फोनवर तो म्हणायचा, मस्त आहेत.

खोटं बोलणं त्याच्या अंगात नव्हतं, पण गाडी अडकली असं सांगायची सवय त्याहून नव्हती. आणि त्याला भीती होती. डबे बिघडवले, खुर्ची बिघडवली, आता झाडं मारली असं कळलं तर ती कशाला येईल? झाडं हिरवी असतील तर ती त्यांच्यासाठी तरी येईल. भिंगरीने स्वतःला या शेवटच्या वाक्यावर टांगून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "फोटो पाठवा ना कुंड्यांचा. आता भरात आल्या असतील."

भिंगरी हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नर्सरी उघडायच्या आधी नर्सरीच्या दारात उभा राहिला. नर्सरीवाल्याने विचारलं, कुठली झाडं हवीत. फुललेली, भिंगरी म्हणाला. आतून रिक्षा भरून रोपं निघाली, झिनिया, पिटुनिया, लाल पानांची, पिवळ्या फुलांची, जे दिसेल ते. ऐन दुपारी त्याने जुनी झाडं उपटून पोत्यात भरली, नवी दाबून बसवली, आणि मग हात थांबेनात म्हणून रंगांची रांग लावली. लाल डब्यांत सगळी लाल. पिवळ्या डब्यांत सगळी पिवळी. एका भांड्यात एकच जात, सगळी एका उंचीची. मागे सरकून त्याने बघितलं. सुटायला तयार असलेल्या डेपोसारखं देखणं दिसत होतं.

त्याने काढलेले फोटो नेहमी हललेले यायचे. तेव्हा त्याने शिवणवालीला वर बोलावलं. तिने फोन हातात घेतला, कुंड्या पाहिल्या, कोपऱ्यातलं पोतं पाहिलं.

"काकूंना कळेल," ती म्हणाली.

फोटोत काही कळत नाही, असं भिंगरीने तिला सांगितलं. तिने दोन फोटो काढून दिले आणि ती खाली गेली. बायकोचं उत्तर यायला वेळ लागला. "छान ठेवलीत," एवढंच लिहिलं होतं. भिंगरीने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो मुलीचा, तोही दुपारी, कामाच्या वेळी. आधी तिने उन्हाचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, "बाबा, आईचे कपाटातले बाकीचे कपडे पाठवाल का? आणि तिचा जुना चष्मा."

"बाकीचे कशाला?" भिंगरीने विचारलं. "पालथं पडलं ना बाळ?"

पडलं होतं. केव्हाच पडलं होतं. मग मुलीने दार लावल्याचा आवाज आला आणि तिने आवाज खाली आणला. "मी तुम्हाला सांगितलं असं तिला सांगू नका. काल फोटो बघून ती खूप वेळ बसून होती. म्हणाली, माझी झाडं काढून त्यांनी आपल्या मनासारखी लावून घेतली. आता त्या घरात माझं आहे काय?"

फोन ठेवल्यावर भिंगरी कपाटाशी गेला. कपाट त्यानेच लावलेलं होतं, तिच्या साड्या रंगाप्रमाणे, गडद खाली, फिक्या वर. त्याने फिक्यांची चळत उचलून पलंगावर ठेवली, मग परत कपाटात ठेवली. परत काढली. चष्मा सापडला, त्याची एक काडी तिने दोऱ्याने बांधली होती. हे तिने केव्हा केलं, तो कुठे होता तेव्हा? घरातच असणार, काहीतरी सरकवत. त्याला एकदम फार वाईट वाटलं. तो उठून गच्चीवर गेला.

ऊन मी मी म्हणत होतं. कालची नवी रोपं माना टाकून बसली होती. सवयीने त्याचा हात तांब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. कोपऱ्यातल्या पोत्याला वास येत होता. त्याने पोतं उघडलं, मेलेली कर्दळ बाहेर काढली आणि तिच्या मुळाची माती बोटांनी चुरली. माती चिखलासारखी ओली होती. मुळं काळी पडून मऊ झाली होती. या झाडांना तहान कधी लागलीच नव्हती. तो उभा राहून ते मूळ बघत राहिला, आणि तो आयुष्यात फार थोड्या वेळा उभा राहून काही बघत राहिला होता.

पोतं खाली फेकायला टाकीमागून जवळची वाट होती. टाकीला वळसा घालून तो गेला आणि हौदापुढे थबकला.

हौद भरून सांडत होता. मधे कर्दळ भिंगरीच्या खांद्याला लागेल एवढी झाली होती, भडक केशरी. तिच्याभोवती कोलियस गच्च, जांभळा, तांबडा, हिरवा, कुठलं पान कुठल्या झाडाचं ते कळू नये इतका. काठावरून चिनीगुलाब आणि रताळ्याचा वेल जमिनीपर्यंत उतरून पुढे खडूच्या रेघेपाशी आले होते. लालशेजारी गुलाबी, गुलाबीशेजारी पिवळा, कशाचा कशाला मेळ नाही आणि सगळं एकत्र छान. सकाळी टाकी भरली की जादा पाण्याची नळी थोडा वेळ हौदात ठिबकायची, तेवढंच त्याचं पाणी. टाकीची सावली दुपारी त्याच्यावर यायची आणि आपली आपण जायची. भिंगरीने त्याला एकदाही हात लावला नव्हता. म्हणून ते जगलं होतं. यात समजायला अवघड असं काही नव्हतं, आणि भिंगरी मूर्ख नव्हता.

त्याच्या मनात पहिला विचार आला तो फोटोचा. फक्त हौदाचा फोटो काढावा, बघ तुझी झाडं, असं लिहावं, काल गंमत केली म्हणावं. शिवणवालीला हाक मारायला तो जिन्यापर्यंत गेलासुद्धा. तिथून परत फिरला. घरात जाऊन त्याने बाहेरच्या खोलीतली खुर्ची उचलली आणि खिडकीत नेली. तिची नेमकी जागा शोधावी लागली नाही. फरशीवर चार पायांचे चार पुसट डाग होते. खुर्ची त्या डागांवर बरोबर बसली. मग स्वयंपाकघरात जाऊन तो डब्यांपुढे उभा राहिला. मीठ आधी कुठे असायचं? त्याला आठवेना. एवढी वर्षं तो या घरात जेवला होता आणि त्याला ते माहीत नव्हतं.

त्याने बायकोला फोन लावला. ही तिची बाळाला झोपवायची वेळ होती, तरी लावला. तिने हळू आवाजात विचारलं, काय झालं, बरं आहे ना.

"तुझी झाडं मी काढली नाहीत," भिंगरी म्हणाला. "मेली. मी मारली. रोज हलवत होतो, आणि पाणी घालून घालून कुजवली. फोटोतली विकत आणली, तुला कळू नये म्हणून."

भिंगरी खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता.

"सगळी?" तिने विचारलं.

"सगळी. हौदातली सोडून."

"ती कशी राहिली?"

"हौद हलत नव्हता."

ती हसली. बाळ उठेल म्हणून दाबलेलं हसू होतं, ते थांबेना, आणि मधेच कधीतरी ते हसू राहिलं नाही. भिंगरी चालता चालता थांबला. तिला नाक पुसताना त्याने ऐकलं. इतका वेळ त्याला वाटत होतं की बोलायला फार शब्द लागतील, तयारी लागेल. आता काहीच तयार नव्हतं, तरी तो बोलला.

"मला एकट्याला नाही गं जमत. खुर्ची खिडकीत ठेवलीय. डबेही ठेवणार होतो, पण मीठ कुठे असायचं तेच आठवत नाही. तू ये."

बाळ मधे कुंईकुंई करून पुन्हा गप्प झालं. मग तिने विचारलं, कोलियस किती उंच झालाय. त्याने हात धरून दाखवला, मग फोनवर दिसत नाही हे लक्षात येऊन सांगितलं, माझ्या कमरेपर्यंत. शेंडे खुडायला हवे होते, ती म्हणाली, खुडले की आणखी फुटतो. आत्ता खुडतो, असं म्हणून भिंगरी दाराकडे निघालाच.

"थांबा," ती म्हणाली. "मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. शेंड्यांना नाही, डब्यांना नाही. त्या विकतच्या झाडांनाही नाही. आहे तिथे राहू द्या सगळं."

"येईपर्यंत म्हणजे?"

"पुढच्या महिन्यात पाळणाघर सुरू होतंय. तिकिटाचं बघायला सांगते जावयाला." आणि मग जरा कडक आवाजात, "पण मी आले आणि काही हललेलं दिसलं, तर त्याच पावली परत जाईन."

फोन ठेवल्यावर भिंगरी गच्चीवर आला. तिचं मातीकामाचं बुटकं स्टूल टाकीपाशी होतं. ते त्याने हलवलं नाही. ते जिथे होतं तिथेच त्याच्यावर बसला, हौदाकडे तोंड करून. गुडघे हनुवटीला लागत होते. पुढचा महिना फार लांब होता. ऊन कठड्यावरून सरकलं, विकतच्या रोपांच्या कुंड्या भर उन्हात उघड्या पडल्या, आणि त्याच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो मधेच थांबला. वर आज फरफटण्याचा आवाज का नाही, असं शिवणवालीला वाटलं असणार.

मग त्याची नजर खडूच्या रेघांवर गेली. या तरी पुसून टाकाव्यात, तिला दिसायला नकोत, असं वाटून तो उठला, ओलं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसला. रताळ्याच्या वेलाचं टोक एका रेघेवर येऊन टेकलं होतं. रेघ पुसायची तर ते उचलून बाजूला करावं लागणार होतं.

भिंगरीने फडकं बाजूला ठेवलं आणि तो परत स्टुलावर जाऊन बसला.